न दाखवलेला खड्डा

खड्डा कुणालीला दिसला होता. किन्हवलीकडून शहापूरला येताना आंब्याचा उतार लागतो, तिथं रस्त्याची डावी कड पावसाळ्यात खचली होती आणि घमेलंभर खडी वर आली होती. तिनं हँडल जरासं उजवीकडे दाबलं आणि ती बाजूनं सटकली. अशा वेळी पुढच्यानं एक हात खाली सोडून खड्ड्याच्या बाजूला बोट दाखवायचं असतं. मागचा सायकलस्वार पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर असतो. वारा कापायचं काम पुढचा करतो, मागच्याचा दम वाचतो, पण त्याला पुढच्याच्या पाठीशिवाय फारसं काही दिसत नाही. कुणालीनं हात सोडला नाही.

मागे प्रियांका होती.

आधी टायर घासल्याचा आवाज आला, मग लोखंड फरफटल्याचा. कुणाली थांबली, सायकल टाकून धावत मागे आली. प्रियांका अर्धी डांबरावर, अर्धी कडेच्या भाताच्या खाचरात पडली होती. हेल्मेटला तडा गेला होता, डोकं शाबूत होतं, पण डावा हात कोपरापासून भलत्याच बाजूला वळला होता. ती रडत नव्हती. नर्स होती ती. दात आवळून म्हणाली, "ताई, हात उचलू नको. आधी काहीतरी बांध."

बाकीचे चौघं मागून येऊन पोचले. त्यांत अनंतादादा सगळ्यांत वडील, रेल्वेत रुळांच्या देखभालीवर. त्यांनी खड्ड्याकडे बघून शिवी हासडली आणि कुणालीला विचारलं, "तुला नाय दिसला काय गो?"

"नाय दादा," कुणाली म्हणाली. "मला दिसलाच नाय."

हा रविवारचा गट कुणालीनंच उभा केला होता. शहापूरच्या बाजारात तिच्या नवऱ्याचं, हितेशचं, हार्डवेअरचं दुकान होतं आणि ती दिवसभर काउंटर सांभाळायची. पाच वर्षांपूर्वी तिनं गिअरची सायकल घेतली, तेव्हा बाजारातल्या बायका हसल्या होत्या. मग एकेक जण येत गेला. सहा-सात जण झाले. कधी सापगावच्या पुलावरून किन्हवली, सरळगाव. कधी खर्डीवरून कसारा. थंडीत थेट टोकावडे. कुठला चढ कुठल्या गिअरवर घ्यायचा, कुठल्या वळणावर वाळू साचते, कुठल्या वस्तीतले कुत्रे अंगावर येतात, हे सगळं कुणालीला पाठ होतं.

प्रियांका दोन वर्षांनी आली. खर्डीपलीकडच्या एका पाड्यावरची, शहापुरात एका खासगी दवाखान्यात नोकरीला. आठवीत असताना शाळेतून मिळालेल्या सायकलवर तिनं रोज सात किलोमीटर डोंगर चढउतार केला होता. कुणालीनं आपली जुनी सायकल तिला दिली आणि हौसेनं शिकवलं. चढ सुरू व्हायच्या आधी गिअर बदलायचा, चढात शिरल्यावर नाही. ब्रेक वळणाच्या आधी आटपायचे, वळणात नाही. वळताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली दाबायचा. नजर चाकाखाली ठेवायची नाही, जिथं जायचंय तिथं ठेवायची.

वर्षभरात प्रियांका चढावर तिच्या पुढं जायला लागली. वर जाऊन थांबायची आणि कुणाली धापा टाकत पोचली की हसून पाण्याची बाटली पुढं करायची. त्या हसण्यात काही वाकडं नव्हतं. कुणालीला मात्र ती बाटली घेणं दर रविवारी जड जात होतं.

त्या ऑक्टोबरच्या सकाळी सरळगावला चहा घेताना अनंतादादा म्हणाले, "डिसेंबरात इगतपुरीच्या बाजूला घाटाची शर्यत हाय. प्रत्येक गटातनं एक बाई पाठवायची. प्रियांकाला पाठवू. कुणाली, तू तिची तयारी करून घे." सगळ्यांनी माना हलवल्या. कुणालीनंही हलवली. "मग काय, तिलाच पाठवायचं," ती म्हणाली. परतीच्या वाटेवर ती सुरुवातीपासून पुढं राहिली आणि जीव तोडून पेडल मारत राहिली. प्रियांका मागे सुटावी एवढंच डोक्यात होतं. प्रियांका सुटली नाही. चाकाला चिकटून येत राहिली. आणि मग आंब्याचा उतार आला.

कोपरात प्लेट बसली. कुणालीनं दुकानाच्या गाडीतून तिला कल्याणला नेलं, ऑपरेशनच्या दिवशी दाराबाहेर उभी राहिली, पुढं दर आठवड्याला व्यायामाला नेऊन आणलं. दवाखान्यातली नोकरी सुटली, कारण एका हातानं पेशंट उचलता येत नव्हता. शर्यतीला प्रियांकाच्या जागी कुणालीनं जावं असं गटानं ठरवलं. ती नाही म्हणाली. त्यावर सगळ्यांनी तिचं कौतुक केलं, आणि ते ऐकताना तिला तिथून उठून पळावंसं वाटलं.

जानेवारीत प्रियांकाची आई, सकुबाई, पाड्यावरून बाजारात आली ती कोंबडी घेऊन. पाय बांधलेली, तांबडी, गावठी. काउंटरवर ठेवून म्हणाली, "माज्या पोरीसाटी तू बहिनीवानी राबलीस. घे." हितेशनं रविवारी रस्सा केला. कुणालीनं डोकं दुखतंय म्हणून फक्त भात खाल्ला.

तिचं एका जागी बसणंच मोडलं होतं. जेवताना मधेच उठायची आणि सायकलच्या टायरमधली हवा बघून यायची. धुतलेली चेन परत धुवायची. दुकानात खिळ्यांचे डबे या फळीवरून त्या फळीवर, आठ दिवसांनी परत या फळीवर. गिऱ्हाइकानं अर्धा इंची नळी मागितली तर पाऊण इंची द्यायची. सकाळी गट नसेल तेव्हा एकटीच निघायची. शेणव्यापर्यंत जायचं म्हणून निघून अर्ध्यातून वळायची, मग हायवेच्या बाजूला, तिथूनही परत. आंब्याच्या उताराकडे मात्र ती एकदाही गेली नाही.

"तुला झालंय तरी काय?" हितेशनं एकदा विचारलं.

"काय नाय. उकडतंय."

"जानेवारीत?"

मार्चमध्ये प्रियांकाचा फोन आला. "ताई, डॉक्टर म्हनले, चालव आता. हात पुरा सरळ होत नाय, पन हँडल धरता येतंय. आपण मंगळवारी जाऊ. गटाबरोबर नको, दोघीच. मला आंब्याच्या उतारावरनं जायचंय."

"तिथूनच कशाला?"

"नाय गेले तर भीती बसंल. आन् तू पुढं पायजेस. दुसऱ्या कोनाच्या मागं मी नाय चालवनार."

कुणाली फोन ठेवून काउंटरमागे उभी राहिली. समोरचा माणूस दोनदा कडीकोयंडा मागून कंटाळला आणि शेजारच्या दुकानात गेला.

मंगळवारी सहाला त्या निघाल्या. सापगावच्या पुढं भाताची खाचरं रिकामी पडली होती. ठिकठिकाणी पालापाचोळा पेटवून राब भाजत होते, त्यांचा धूर रस्त्यावर लोंबकळत होता. झाडांखाली बायका टोपल्या घेऊन मोहाची फुलं वेचत होत्या. प्रियांका सुरुवातीला अवघडून चालवत होती, डावा खांदा वर धरून. दहा किलोमीटर झाले तशी ती सैलावली. कुणाली पुढं होती आणि सगळं दाखवत होती. खड्डा, खडी, ठिगळ, सुकलेली फांदी. हात एकसारखा खालीवर होत होता.

मागून प्रियांका हसली. "ताई, शेणाचा पो पन दाखवतेस? एवढं नको गो. तुजा हात मोडंल आता!"

कुणालीनं पुढची खडीही दाखवली.

किन्हवलीला चहा घेऊन त्या मागे फिरल्या. परतीच्या वाटेवर लहानसा चढ चढला की वर एक मोकळा दगडी कठडा आहे आणि तिथून उतार सुरू होतो. वरून आंब्याचं झाड दिसतं. कुणालीनं ब्रेक दाबले आणि ती उतरली.

"पाणी पायजे?" प्रियांकानं विचारलं.

"नाय." कुणालीनं सायकल कठड्याला टेकवली. ती पडली. परत उचलून टेकवली. "प्रियांका, मला तो खड्डा दिसला होता."

"कुठला?"

"तुझा."

प्रियांका सायकलवर तशीच, एक पाय टेकून उभी होती. "दिसला मंजे?"

"लांबून दिसला. मी हँडल वळवलं. हात सोडायला वेळ होता. सोडला नाय."

खालून एक टेम्पो कुथत वर आला आणि निघून गेला.

"का?"

"त्या दिवशी चहाला दादांनी तुझं नाव घेतलं. माझं घेतील असं वाटलं होतं."

"शर्यतीसाठी?"

"हो."

"मी पडावं असं तुला वाटलं?"

कुणाली पाच महिने हाच प्रश्न स्वतःला विचारत होती. "तू दचकावीस, मागं राहावीस, एवढंच वाटलं. पण ते पण खरं की नाय, मला नाय सांगता येत. एवढंसं होतं ते सगळं. डोळा मिटायच्या आत."

प्रियांकानं उजव्या हातानं डावं कोपर धरलं. "पाच महिने मी तुज्या गाडीत बसून कल्यानला गेले," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. "तू मला उसाचा रस पाजलास. माझी वेनी घालून दिलीस, हात वर जात नव्हता तवा. माज्या आयनं तुला कोंबडी दिली, ताई. अंड्यावरची कोंबडी होती ती."

"माहीत आहे."

"तुला काय नाय माहीत."

तिनं सायकल वळवली आणि उतारावर सोडली. एकटी. कुणाली वरून बघत राहिली. पन्नासेक मीटर ती नीट गेली, मग तिचे खांदे आवळले गेले, दोन्ही ब्रेक एकदम दाबले गेले, मागचं चाक आडवं सरकलं. ती कशीबशी थांबली, पाय टेकला आणि डोकं हँडलवर ठेवलं.

कुणाली पायीच, सायकल हातात धरून खाली गेली.

"जवळ येऊ नको."

ती दहा पावलांवर थांबली. ऊन वर आलं होतं. राबाचा धूर डोळ्यांत जात होता, दोघींच्याही. मोहाची टोपली डोक्यावर घेतलेली एक म्हातारी दोघींकडे बघत गेली, थोडं पुढं जाऊन परत वळून बघितलं.

शेवटी प्रियांका म्हणाली, "पुढं हो."

"काय?"

"पुढं हो म्हनते. मला एकटीला नाय उतरता येत. नजर चाकाखालीच जाते. तू पुढं चल आन् दाखव."

"प्रियांका, चालत जाऊ आपण खाली."

"चालत जायला मी एवढं लांब नाय आले. बाकीचं काय करायचं ते मी नंतर बघीन. आता चल."

कुणाली पुढं झाली. इतकी हळू ती कधी उतरली नव्हती. हात सोडताना तिनं बोटाऐवजी आख्खा पंजाच उघडून दाखवला. डावीकडे खडी. मधोमध उखडलेलं डांबर. आंब्याखालचा तो खड्डा कुणीतरी मुरूम टाकून भरला होता, तरी तिनं तो दाखवला. मागून चाकाची घरघर येत होती, तेवढाच आवाज. तो थांबेल या भीतीनं तिचे कान ताठ झाले होते. तो थांबला नाही.

खाली सपाटीला लागल्यावर प्रियांका बाजूनं पुढं गेली. वळून बघितलं नाही. कुणालीनं तिला गाठायचा प्रयत्न केला नाही. शहापुरात पोचल्यावर तिनं फोन केला तर उचलला गेला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

त्या मंगळवारी दुपारीच तिनं हितेशला सांगितलं होतं. तो वजनकाट्यावर खिळे तोलत होता. त्यानं पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली, मग म्हणाला, "मला आधी का नाय सांगितलंस?"

"सांगून काय केलं असतंस?"

"काय नाय. पण मी ती कोंबडी खाल्ली नसती." आणि दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

रविवारी सापगावच्या पुलाशी गट जमला, तेव्हा निघायच्या आधीच कुणालीनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं. एकानं उगाच आपल्या सायकलची सीट वरखाली केली. अनंतादादा नदीकडे बघत होते. "तवा मी तुला विचारलं होतं," ते म्हणाले.

"हो दादा. खोटं बोलले."

"गटात राहायचं तर राहा. पन पुढं नाय चालायचं. मी सांगेपत्तूर शेवटी राहायचं."

ती शेवटी राहिली. पाच वर्षं ज्या रस्त्यांवर ती सगळ्यांत पुढं होती, तिथं आता समोर चार पाठी. पुढच्यांचे हात खाली यायचे, ते बघून ती वळायची. एकदा एकाचा हात उशिरा आला आणि तिचं चाक दाणकन खड्ड्यात बसलं. पडली नाही, पण घरी जाईपर्यंत तिनं ब्रेकवरची बोटं काढली नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला ती गाडी घेऊन पाड्यावर गेली. प्रियांका घरी नव्हती. मुरबाडच्या बाजूला एका दवाखान्यात तिला काम लागलं होतं, तिथंच खोली घेऊन राहत होती. सकुबाई ओट्यावर मोह वाळत घालत होती. कुणाली उभ्याउभ्याच बोलायला लागली. सकुबाईनं हात वर करून तिला थांबवलं.

"पोरीनं सांगितलंय मला. तू कशाला आलीस?"

"माफी मागायला, मावशी."

"ती माज्याकडं नाय. हात तिचा मोडला, माजा नाय." सकुबाईनं वाळवणातून एक काडी वेचून फेकली. "मला राग हाय तुजा. लय हाय. पन उन्हाची आलीस. पानी पी आन् जा."

तिनं तांब्या भरून दिला. कुणालीनं तो उभ्यानंच रिकामा केला आणि ती परतली.

प्रियांकाचा फोन मे महिन्यात आला. नमस्कार नाही, काही नाही.

"ताई, डिसेंबरची शर्यत मी घेनार. चढाचं मला काय नाय. उतार शिकायचाय. माळशेज उतरायचाय, सारखा, भीती जाईपत्तूर. इथं माज्या ओळखीचं असं कोन नाय, ज्याला ते वळन आन् वळन माहीत असंल. रविवारी पाचला टोकावड्याला येशील?"

"येईन."

"हे माफ केलं म्हनून नाय."

"नाय."

रविवारी कुणाली सायकल गाडीत टाकून चारलाच टोकावड्याला पोचली आणि बंद टपरीसमोर तासभर येरझाऱ्या घालत राहिली. प्रियांका पाचच्या ठोक्याला आली. तिनं कुणालीच्या तोंडाकडे न बघता तिच्या टायरकडे बघितलं, स्वतःचे ब्रेक दाबून बघितले आणि म्हणाली, "निघू."

असे सात रविवार झाले, पाऊस लागेपर्यंत. नंतर दिवाळी उलटल्यावर आणखी चार. चढावर प्रियांका पुढं निघून जायची आणि वर पोचल्यावर एकटीच दरीकडे तोंड करून बसायची. उतारावर कुणाली पुढं असायची. ब्रेक आधी, मग वळण. बाहेरचा पाय खाली. नजर वळणाच्या शेवटाकडे. ट्रक आला की डाव्या कडेला, पण कडेच्या खडीवर नाही. ती हे ओरडून सांगायची, बाकी काही बोलायची नाही. एकदा धुक्यात एका वळणावर बैल आडवे आले तेव्हा दोघी एकदम थांबल्या, चाकाला चाक लागलं, आणि प्रियांका नकळत हसली. लगेच तोंड फिरवलं तिनं. कुणालीनं ते कुणालाच सांगितलं नाही, हितेशलाही नाही.

दिवाळीनंतरच्या चौथ्या रविवारी खाली आल्यावर प्रियांका हातमोजे काढत म्हणाली, "आज मला तुजी गरज नाय लागली. मी तुज्याकडं बघतच नव्हते."

"मला कळलं."

"शर्यतीला तू येऊ नको, ताई. तू दिसलीस की मला राग येतो. रागात मी गिअर चुकवते."

"बरं."

शर्यतीच्या दिवशी कुणाली दुकानात होती. सकाळपासून तिनं तीन वेळा फळ्या पुसल्या. हितेशनं शेवटी तिच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि तिला स्टुलावर बसवलं. ती बसली, उठली, परत बसली. साडेअकराला फोन वाजला. अनंतादादांचा असेल असं तिला वाटलं, पण नाव प्रियांकाचं होतं.

"ताई, नववी आले."

"नववी?"

"चाळीसमदनं. चढावर तिसरी व्हते. उतारावर सहा जनी पुढं गेल्या."

"पडली नाहीस ना?"

"नाय." मागे कुणीतरी माइकवर नावं पुकारत होतं. "त्या सहा जनी कशा गेल्या काय म्हाईत. ब्रेकच लावत नाय त्या. ते शिकवनारी कोन असंल इकडं?"

"मला नाय येत तेवढं," कुणाली म्हणाली. "पण मी विचारते. नाशकात कोणी असेल."

"विचार," प्रियांका म्हणाली. "ठेवते आता, आय आलीय बघायला. भूक लागलीय तिला."